आठवरून चारवर

काचेपलीकडच्या बाईंनी फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिली, मग शेवटून पहिल्यापर्यंत पाहिली, आणि काचेखालच्या फटीतून ती क्षमाच्या बाजूला परत सरकवली. "शाळेचं प्रमाणपत्र नाही यात," त्या म्हणाल्या. क्षमाला वाटलं, आपल्याच जर्मनचा काहीतरी घोटाळा होतोय. तिने फाइल उघडून डॉक्टरेटचं भाषांतर वर काढलं. शपथपूर्वक केलेलं, गोल निळ्या शिक्क्याचं. त्याखाली एम.एस्सी., त्याखाली बी.एस्सी. बाईंनी प्रत्येक कागदाला मान डोलावली. हे सगळं छानच आहे, पण औसबिल्डुंगच्या, म्हणजे काम करता करता शिकायच्या अभ्यासक्रमाच्या, नोंदणीला दहावी झाल्याचा पुरावा लागतो. फॉर्मवर रकाना तेवढा एकच आहे. "पण दहावी न होता मी डॉक्टर झाले असेन का?" क्षमाने विचारलं. आवाज तिला हवा होता त्याहून चढा निघाला. मागे रांगेत उभी असलेली दोन पोरं मान वर करून पाहू लागली. बाई मात्र रागावल्या नाहीत. "गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या, "म्हणजे ते तुमच्याकडे असणारच. शुक्रवारी बारा वाजेपर्यंत ईमेलने स्कॅन पाठवा, दोन्ही बाजूंचा. भाषांतर मागाहून चालेल."

व्यवसायशाळेच्या पायऱ्या उतरून ती चालत राहिली. पाय आपोआप तळ्याकडे वळले. बॉबलिंगेनला येऊन अकरा वर्षं झाली होती आणि काही बिनसलं की ती या तळ्याभोवती एक फेरी मारायची. एका फेरीला बारा मिनिटं लागतात हे तिला माहीत होतं, आणि बारा मिनिटांत काहीही सुटत नाही हेही. जुलैचं ऊन होतं. बदकांनी वाट घाण करून ठेवली होती. फाइल बगलेत घामाने चिकटली. तिचे सगळे कागद इथे होते. पदव्या, बढत्या, लग्नाचा दाखला, लेकीचा, अन्वीचा जन्मदाखला, प्रत्येकाचं भाषांतर, प्रत्येकाच्या तीन प्रती. दहावीची गुणपत्रिका तेवढी नव्हती. ती कुणी मागितलीच नव्हती कधी. ती खामगावला होती, बाबांच्या लोखंडी कपाटात. म्हणजे ती मागायची तर बाबांना सांगावं लागणार, आणि सांगायचं नाही हे तिने मेमध्येच ठरवलं होतं. तिथल्या तिथे दोन वर्षं उरकून घेऊ, मग म्हणू, एचआरमध्ये आहे. मधल्या पायऱ्या कोण विचारतं?

पायऱ्याच तर होत्या सगळ्या. फेब्रुवारीत रोजगार कार्यालयात सल्ला देणाऱ्या बाईंनी तिच्यापुढे एक तक्ता ठेवला होता. या देशात प्रत्येक शिक्षणाला एक ते आठ असा पायरीचा आकडा आहे. बाईंनी पेन्सिलीने आठवर टिंब दिलं: "या तुम्ही." मग सातवर: एचआरची मास्टर्स, घरबसल्या, अडीच वर्षं. सहावर: उद्योग-व्यापार चेंबरची परीक्षा, व्यवसायात तिला फार मान, पण आधी एचआर खात्यात कामाचा अनुभव हवा. चारवर: औसबिल्डुंग, अर्धा आठवडा शाळा, अर्धा आठवडा कंपनीत काम, एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांबरोबर. "आल्झो, तर मग," बाई म्हणाल्या, "कुठून सुरुवात करायची ते तुम्ही ठरवा." जणू दुकानात चपलेचा नंबर विचारत होत्या. क्षमाने सहापासून सुरुवात केली. चेंबरने कळवलं, अनुभव नाही. अनुभवासाठी तिने एचआर खात्यांतल्या साध्या जागांना अर्ज केले. एकोणीस अर्ज. कुठे म्हणाले, आपली पात्रता या जागेच्या मानाने फारच जास्त आहे. कुठे म्हणाले, आवश्यक पात्रता नाही. एकाच आठवड्यात, एकाच सकाळी, दोन पत्रं आली. एकात ती उंच होती, एकात ठेंगणी. तिने ती दोन्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि नवऱ्याला, केतनला, हाक मारली. केतनने दोन्ही वाचली. "मग बरोबरच आहे ना," तो म्हणाला, "सरासरी काढ." तो सिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात गाडीच्या दारांच्या विभागात होता आणि त्याच्या हाताखालून दिवसाला शेकडो दारं जात; प्रत्येक दार बसतंच यावर त्याचा विश्वास होता. ती त्या दिवशी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

मास्टर्सवाल्यांनी मात्र दुसऱ्याच दिवशी अभिनंदन केलं होतं. केव्हाही या.

आणि तिला तिकडेच जावंसं वाटलं होतं, हे ती तळ्याच्या वळणावर स्वतःशी कबूल करत होती. त्यांच्या घरात अपमानावर औषध एकच होतं. जळगावला खोली देताना घरमालकाने आडनाव विचारलं आणि मग खोली अचानक भाड्याने द्यायची राहिलीच नाही, तेव्हा बाबा म्हणाले होते, एम.एस्सी. कर. विभागातल्या सरांनी सेमिनारमध्ये तिचं नाव घेताना 'कोट्यातून आलेल्या' असं जोडलं, तेव्हा बाबा म्हणाले, पीएच.डी. कर. तिने दोन्ही केलं. श्टुटगार्टच्या संस्थेत संशोधन केलं, तिथलं कंत्राट संपलं तेव्हा गाड्यांच्या रबरी सीलची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेत लागली, गटप्रमुख झाली. एका जागी अडलं की वरची पायरी घ्यायची. खाली पाय टाकायचा असतो हे शरीराला ठाऊकच नव्हतं. आता ती पाय खाली सोडत होती आणि जमीन लागत नव्हती.

प्रयोगशाळा गेल्या नोव्हेंबरात बंद झाली. तेवीस माणसं. प्रत्येकाला एकेक करून छोट्या खोलीत बोलावलं गेलं, आणि गटप्रमुख म्हणून क्षमाला प्रत्येक वेळी तिथे बसावं लागलं. बोलायचं काम एचआरच्या फ्राऊ रीलेंचं. पन्नाशीची, जाड चष्म्याची, इथला श्वाबेनी हेल काढून बोलणारी बाई. पहिल्या दिवशी सकाळी फ्राऊ रीलेंनी खोलीतला टिश्यूचा डबा उचलून खिडकीच्या पडद्यामागे ठेवला. "आत येताच तो दिसला की माणूस दारातच मरतो," त्या म्हणाल्या. "हाताला लागेल एवढा जवळ हवा, नजरेला नको." लॅपटॉप त्यांनी बंद केला. आणि प्रत्येकाला त्या आधी नोकरी संपायची तारीख सांगत, मग कारण. तारीख कळेपर्यंत माणसाला बाकीचं ऐकू येत नाही. मग योसिप आत आला. योसिप तिच्या शेजारच्या टेबलावर नऊ वर्षं होता. ताणून तुटलेल्या रबराचा वास, त्याच्या डब्यातल्या मिरच्यांचा वास, दोन्ही तिला सारखेच ओळखीचे. क्षमाकडे सांगायला नुसते आलेख होते, घटत्या कामाचे, तीन वर्षांचे. फ्राऊ रीलेंनी त्याच्या मुलीच्या बाळंतपणाचं विचारलं, ते कुठल्या महिन्यात आहे हे त्यांना माहीत होतं, आणि नोकरीची शेवटची तारीख बाळंतपणाच्या आधी यायला नको म्हणून त्यांनी आधीच भांडून ठेवलं होतं. उठताना योसिपने आभार मानले. फ्राऊ रीलेंचे. क्षमाकडे पाहून त्याने नुसती मान हलवली, जशी खोलीतल्या कपाटाकडे पाहून हलवावी.

ते तिला लागलं. अजून लागत होतं. तेवीस माणसं आत येऊन गेल्यावर तिने फ्राऊ रीलेंना विचारलं होतं, हे तुम्ही कुठे शिकलात? त्या हसल्या. "सोळाव्या वर्षी औसबिल्डुंग केलं. आमच्या मास्टरबाई पडदे ओढायलासुद्धा शिकवायच्या." पुढे त्या वृद्धांना घरी जाऊन सेवा देणाऱ्या एका संस्थेत एचआरच्या प्रमुख झाल्या, आणि मेमध्ये त्यांनीच फोन केला. "मी तुम्हाला घेते. पण दारातून या, खिडकीतून नको. दोन वर्षं माझ्याकडे शिका. मला दीडशे परिचारिका टिकवायच्या आहेत, प्रबंध नकोय." जागा एकच होती, आणि शुक्रवारपर्यंत नाव नोंदलं गेलं नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती. त्यांनी तेही आधीच सांगितलं होतं, तारखेसकट.

घरी आली तेव्हा अन्वी गच्चीत पाय पसरून बसली होती. दहा वर्षांची, चौथी संपत आलेली. क्षमाने काय झालं ते केतनला मराठीत सांगितलं, आणि अन्वी, जिला सगळं कळायचं पण उत्तर जर्मनमध्येच सुचायचं, तिथूनच ओरडली, "आई, बिस्ट डू डान आझुबी?" म्हणजे तू शिकाऊ उमेदवार होणार? ती इतकी हसली की तिला उचकी लागली. "मग तुला पण रिपोर्ट कार्ड मिळणार! कोण सही करणार?"

"मी करणार," केतन म्हणाला. "पालक. डॉक्टरीणबाई, दप्तर भरून ठेवा हो, उशीर चालत नाही जर्मन शाळेत."

"केतन, पुरे."

"अगं, गंमत केली."

"तुला फोन करायचा नाहीये खामगावला. म्हणून गंमत सुचते."

"मी करू का? करतो. सासऱ्यांचं नि माझं बरं जमतं."

"नको. तू सांगशील की कोर्स आहे."

त्याने तेच सांगितलं असतं. आणि तिनेही. अन्वीच्या बाईंनी फेब्रुवारीत तिच्यासाठी रेआलशूल सुचवली होती, विद्यापीठाकडे नेणारं गिम्नाझियम नव्हे, मधली शाळा. क्षमा तासभर वर्गातल्या बुटक्या खुर्चीवर बसून त्या बाईंशी वाद घालत होती, आणि शेजारी बसलेली अन्वी चित्र काढत होती. बाहेर आल्यावर अन्वी म्हणाली होती, मला तिथे जायचंच आहे, तिथे लाकूडकाम आहे. क्षमाने बाबांना फोनवर सांगितलं, अन्वी आता मोठ्या शाळेत जाणार. खोटं नव्हतं. इमारत मोठीच होती.

बुधवारी दुपारी तिने फोन लावला. बाबा, दादाराव तायडे, चौऱ्याहत्तर वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात आधी शिपाई आणि मग प्रयोगशाळा परिचर. निवृत्तीनंतरही ओसरीवर गल्लीतली पोरं गोळा करून पाढे घेणारे.

"जयभीम, बाबा."

"जयभीम, बेटा. जेवली का?"

"जेवले. बाबा, माझी दहावीची गुणपत्रिका हवी होती. झेरॉक्सवाल्या भास्करकडून स्कॅन करून पाठवा ना, दोन्ही बाजू. शुक्रवारच्या आत."

"दहावीची? कोनं मागतली?"

तिने सांगितलं. तिला वाटलं होतं, फिरवून सांगू. पण तोंड उघडल्यावर सगळं सरळच बाहेर आलं, दोन वर्षं, शाळा, एकोणीस वर्षांची मुलं. मागे आईच्या कुकरची शिटी झाली. बाबा ती संपेपर्यंत थांबले.

"एखादी डिग्री कमी पडली असंन तर घे नं बेटा," ते म्हणाले. "मॅनेजमेंटची घे. मी नाही म्हनतो का?"

"कमी नाही पडली, बाबा. जास्त झाली."

"शिक्षन जास्त कसं होते?"

दाखवायला एकोणीस पत्रं होती, पण ती जर्मनमध्ये होती. तिला एकदम चीड आली, त्या पत्रांची, तक्त्याची, आणि ज्याचा काही दोष नाही त्या म्हाताऱ्या माणसाचीही. "तुम्ही नाही का बसलात दहावीला पोट्ट्यांमध्ये?" ती म्हणाली. म्हणताना तिला वाटत होतं, हे बोलल्यावर सगळं सोपं होईल.

"बसलो," बाबा म्हणाले. "मी बसलो वर चढासाठी. तू बसून रायली उतरासाठी."

मग फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, बंद केल्याचा नाही. तिला पंख्याची घरघर ऐकू येत राहिली. थोड्या वेळाने मीराबाईंनी, तिच्या आईने, तो उचलला. "गेले ते बाहेर," आई म्हणाली. "पाठवतीन. नको टेन्शन घेऊ." क्षमाला त्या 'पाठवतीन'वर विश्वास ठेवता आला नाही.

तो मार्च तिला आठवत होता. ती सात वर्षांची, बाबा एकोणचाळीसचे. दहावी झाल्याशिवाय शिपायाचा परिचर होत नव्हता. परीक्षेचं केंद्र गावातल्याच दुसऱ्या शाळेत. आई आणि ती फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत बसून राहिल्या होत्या, गणिताच्या पेपरला, पाण्याची बाटली आणि भाकरीचा डबा घेऊन, मुलांना सोडायला आलेल्या बाकीच्या बायांसारख्या. एका बाईने सहज विचारलं, तुमचा मुलगा कितव्या वर्गात बसला? आई म्हणाली, सात नंबरच्या खोलीत. एवढंच. बाई म्हणाली, गणित अवघड जातं का त्याला? आई म्हणाली, हो, थोडं जातं. क्षमाने आईकडे पाहिलं, आणि आईने तिचा हात दाबला, बोलू नको म्हणून. तीन वाजता पोरांच्या लोंढ्यात सगळ्यांत उंच असे बाबा बाहेर आले, आणि त्या बाईने मान वळवून घेतली. क्षमा तेव्हा धावत पुढे गेली नव्हती. ती आईच्या पदराआड राहिली होती. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांना दिसलं होतं की नाही, तेही तिला कळलं नव्हतं.

गुरुवार कोरडा गेला. सकाळ झाली, दुपार झाली, स्कॅन आला नाही. तिने दर दहा मिनिटांनी फोन पाहिला, मग फोन उशीखाली ठेवला, मग उशी उचलून पाहिला. संध्याकाळी तिने लॅपटॉपवर मास्टर्सचा अर्ज उघडला. नाव, पत्ता, पदव्या. सगळं झरझर भरलं गेलं. इथे तिचे कागद कुणी परत सरकवत नव्हतं. शेवटी एक चौकोन होता: आपल्याला या क्षेत्रात का यायचं आहे, दोनशे शब्दांत. तिने लिहिलं, एका खोलीत टिश्यूचा डबा कुठे ठेवायचा हे मला कळत नव्हतं. वाचलं. पुसलं. मग लिहिलं, बदलत्या जागतिक परिस्थितीत मनुष्यबळाचं महत्त्व. वाचलं. हे वाक्य मास्टर्सवाल्यांना आवडलं असतं, बाबांनाही आवडलं असतं, आणि योसिप ते ऐकून मान हलवून निघून गेला असता. अर्ज पाठवायचं बटण हिरवं होतं. केतन मागे येऊन उभा राहिला, पडद्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच काही विनोद केला नाही. "हे पाठवलंस," तो म्हणाला, "तर अडीच वर्षांनी पुन्हा तो तक्ता काढशील. मला ती पेन्सिल पाठ झालीय." तिने लॅपटॉप मिटला. पाठवला नव्हता, पुसलाही नव्हता.

शुक्रवारी पावणेनऊला ती व्यवसायशाळेसमोरच्या बाकावर जाऊन बसली. घरी बसवेना. आईला फोन लावला.

"ते भास्करकडेच गेले," आई म्हणाली. "कालही गेले होते."

"काल? मग?"

"मंग काय. त्यानं विचारलं, काका, ताई तर डॉक्टर, तिले आता दहावीचं काहून लागते? आन दुकानात होती गर्दी, पोट्टे-पोट्टी, ॲडमिशनची. याइले काही सांगता नाही आलं. तसेच वापस आले, कागद घेऊन. जेवले नाही रात्री. मी म्हनलं, अहो, सांगून द्या काहीबी. तर म्हने, काहीबी कसं सांगू? त्यानंच छापला होता ना तो मोठा बोर्ड तुहा, चौकातला."

क्षमाला तो फलक आठवला, डॉक्टरेट मिळाल्यावर अभिनंदनाचा लावलेला. फोटोत तिचा चेहरा तिच्या उंचीएवढा होता. ज्या दुकानात तो छापला त्याच दुकानात, पोरांच्या रांगेत, बाबा तिचा दहावीचा कागद हातात धरून उभे राहिले होते, आणि कुणीतरी सहज विचारलं होतं. तिने त्यांना शुक्रवारची तारीख सांगितली होती, कागद सांगितला होता, दोन्ही बाजू म्हणून सांगितलं होतं. विचारलं तर काय सांगायचं, ते सांगितलं नव्हतं. ते तिचं काम होतं.

तिने बाबांचा नंबर लावला. लागला. तिकडे यंत्राचा घरघराट आणि पोरांचा गलका.

"थांब," बाबा म्हणाले, "नंबर आला माहा."

"बाबा, ऐका. त्याला सांगा की..."

पण त्यांनी फोन कानापासून काढला होता. बंद केला नव्हता. सदऱ्याच्या खिशात टाकला असावा; कापडाची खरखर झाली आणि आवाज पाण्याखालून यावा तसा येऊ लागला. ती बाकावर पुढे वाकली, मोकळ्या कानावर तळहात दाबला.

"आले का काका? आणा. काल काहून गेले?" भास्करचा आवाज. "हे ताईचंच नं? सांगा तं खरं, डॉक्टरीणबाईले आता काय दहावी पास व्हाचं हाय का?" कुणीतरी पोरगं फिसकन हसलं.

क्षमाने डोळे मिटले. खरखर झाली. बाबांनी हात हलवला असावा, किंवा काउंटरवर टेकला असावा. यंत्राची पट्टी एकदा इकडून तिकडे गेल्याचा आवाज आला; दुसऱ्या कुणाचा कागद असावा.

"शिकून रायली," बाबा म्हणाले. मोठ्याने, वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत जावं तसं. "मानसाइचं काम शिकून रायली. तिथं ते खालूनच शिकवतात."

"खालून म्हंजे?"

"म्हंजे मले नाही माहीत," बाबा चिडून म्हणाले. "तिले माहीत आहे. तू दोन्ही बाजू काढ."

झाकण उघडल्याचा आवाज आला. तिने फोन तसाच कानाला धरून ठेवला. बोललेलं खिशात ऐकू गेलं नसतं. दहा वाजायला आले तेव्हा फोन दोनदा थरथरला. पहिल्या पानावर तिचं नाव होतं, आईचं नाव, गुण. दुसरं पान म्हणजे मागची बाजू, नुसते छापील नियम, बारीक अक्षरात. कुणी न वाचलेले, पण शेवटच्या ओळीपर्यंत सरळ, स्वच्छ आलेले. तिने दोन्ही पानं व्यवसायशाळेला पुढे पाठवली.